तीन अक्षरं वर

१

आमच्या देशात सम्राट मरत नाहीत. मरतो तो नावाडी, मरतो तो कारकून. सम्राटांच्या बाबतीत 'पर्वत कोसळला' असं म्हणायचं. ते आजारी पडत नाहीत, त्यांचं 'मन रमत नाही'. त्यांना चेहरा नसतो, 'ड्रॅगनमुख' असतं. स्वतःला ते 'मी' म्हणतात तो 'मी'सुद्धा राखीव. दुसऱ्या कुणी तो स्वतःला लावला तर मुंडकं जागेवर राहत नाही. या शब्दांवर आमचं पोट चालतं. मी रुआन, डोंगरातल्या एका गावाच्या कचेरीत बावीस वर्षं नकलनवीस आहे, आणि माझी मान जी कायमची वाकडी झाली ती याच शब्दांपायी.

कारण शब्द नुसता लिहून भागत नाही, तो चढवावा लागतो. आम्ही वरून खाली लिहितो. मजकुरात सम्राटांचा उल्लेख आला की ओळ तिथेच अर्धवट सोडायची आणि पुढची ओळ वरच्या समासात घुसवून सुरू करायची. दरबाराचं नाव असेल तर एक अक्षर वर. सम्राट असतील तर दोन अक्षरं वर. आकाश आणि होऊन गेलेले सम्राट तीन अक्षरं वर. हे मला आमचे मुख्य नकलनवीस गे गुरुजी यांनी शिकवलं, हातात छडी घेऊन. आता ते एकाहत्तर वर्षांचे आहेत, पण अजूनही माझ्या मागून गेले की मी नकळत ताठ बसतो.

त्या वर्षी पहिल्या महिन्यात राजधानीत पर्वत कोसळला. आमच्यापर्यंत बातमी पोचायला दुसरा महिना उजाडला. मग शिरस्त्याप्रमाणे सगळं सुरू झालं. शंभर दिवस कुणी डोकं भादरायचं नाही, त्यामुळे अख्खं गाव अस्वलांचं झालं. कचेरीचा शिक्का लाल शाईऐवजी निळ्या शाईत. महिनाभर लग्नं बंद, वाजंत्री बंद. आणि आम्हा नकलनवीसांना शोकपत्रांच्या नकला, सकाळपासून संध्याकाळपर्यंत.

लग्नबंदी उठायला नऊ दिवस राहिले असताना तान नावाड्याची विधवा आणि तिची मुलगी सूयुन कचेरीच्या दारातला फिर्यादीचा ढोल वाजवून आत आल्या. तान गेल्या वर्षाच्या बाराव्या महिन्यात, तेवीस तारखेला, थंड पाण्यात पडून तापाने गेला होता. तेव्हापासून अठरा वर्षांची सूयुनच नदीवर होडी चालवत होती. फेंग साहेबांच्या घरून आदल्या दिवशी त्यांना एक कागद दाखवला गेला होता. त्यात लिहिलं होतं की तानने बाराव्या महिन्याच्या दहा तारखेला आपली मुलगी फेंगांच्या मुलाला देण्याचं कबूल केलं आहे. खाली तानची निशाणी, एक वाकडी फुली.

"माझे घरधनी असं करतील का हो?" तानकाकू म्हणाल्या. "तो मुलगा अंथरुणाला खिळलाय. वैद्यांनी हात टेकलेत. घरात सून आणली की आनंदाने आजार पळेल म्हणतात."

"आणि नाही पळाला तर?" हाकिमांनी विचारलं. आमचे हाकीम वाईट नव्हते, फक्त घाबरट होते.

उत्तर सगळ्या गावाला माहीत होतं. फेंगांच्या दारात दगडी कमान उभी आहे. फेंग साहेबांच्या थोरल्या काकूने मरणाऱ्या नवऱ्याशी लग्न केलं, आठवड्यात विधवा झाली, आणि चाळीस वर्षं त्याच्या नावाच्या पाटीपुढे उदबत्ती लावत त्याच खोलीत राहिली. बारा वर्षांपूर्वी सम्राटांनी तिच्या पातिव्रत्याची कमान दिली. तेच सम्राट आता गेले होते. फेंगांना तशी दुसरी काकू हवी होती.

सूयुन म्हणाली, "बंदी उठली की पालखी येणार आहे, आणि ती रिकामी परत जाणार नाही असं त्यांचे दिवाणजी बजावून गेलेत. तेवढं त्यांना विचारून ठेवा हुजूर, प्रेत चालेल का."

२

हाकिमांनी प्रकरण मिआओंच्या गळ्यात घातलं. मिआओ हे हाकिमांचे कायद्याचे सल्लागार, शाओशिंगचे. तिकडच्या लोकांना दोनच गोष्टी येतात असं म्हणतात: कायद्याचा कीस पाडणं आणि कुजवलेलं टोफू खाणं. मिआओंना दोन्ही उत्तम येत. त्यांची टोफूची बरणी उघडली की आम्ही खिडक्या उघडायचो.

त्यांनी आधी मला त्या कागदाची दफ्तरासाठी नक्कल करायला सांगितलं. जशीच्या तशी, अक्षराला अक्षर. मी बसलो. मजकूर छान होता, उगाच फुगवलेला नव्हता. "विद्यमान सम्राटांच्या कृपेने ज्या घराच्या दारी कमान उभी आहे त्या घरी" वगैरे वगैरे. अक्षर मात्र छापील वळणाचं, कुणाचं म्हणून ओळखू येणार नाही असं. लेखनिकाचं नाव लू, म्हणजे बाजाराच्या दिवशी यायचा तो फिरता पत्रलेखक. तो नव्या वर्षाआधीच नदीने खाली निघून गेला होता. नेहमीच्या कागदाचा वरचा समास आखूड पडला म्हणून मी शोकपत्रांच्या गठ्ठ्यातला कागद घेतला आणि तासाभरात नक्कल उरकली. हात कुठे अडखळला नाही.

दुपारी मी आणि मिआओ फेंगांकडे गेलो. आत कुठेतरी कुणीतरी खोकत होतं आणि खोकला थांबला की सगळं घर श्वास धरून बसल्यासारखं वाटे. फेंग साहेब उंच, शांत गृहस्थ. त्यांच्या डोळ्यांखाली काळं पडलं होतं.

"तान माझ्याकडे त्या दिवशी आला होता," ते म्हणाले. "मी त्याला मुलीचं मागणं घातलं. त्याने हो म्हटलं. गरीब माणूस होता, पण शब्दाचा पक्का होता."

"साक्षीदार?"

"आमचे दिवाणजी."

दिवाणजी सांग पुढे झाले. गोल चेहरा, गोल पोट, बोलणं तुपात घोळलेलं. "माझ्यासमोर फुली मारली हो सल्लागारसाहेब. मग इथेच जेवले. जाताना घरच्यांसाठी चिकट तांदळाचा केक बांधून दिला, वर लाल खजूर लावलेला. विचारा त्यांच्या बायकोला, खोटं असेल तर जीभ झडेल."

परतताना आम्ही घाटावर तानकाकूंना विचारलं. मला खात्री होती की त्या दिवाणजींच्या जिभेची विचारपूस करतील.

त्यांनी मान खाली घातली. "आणला होता केक. दहालाच. सूयुनने मोठा तुकडा खाल्ला होता." मग त्या मटकन घाटावरच बसल्या. "म्हणजे ते गेले होते तिथे. मला काही बोलले नाहीत. सल्लागारसाहेब, खरंच दिली असेल का हो त्यांनी पोर?"

सूयुन होडीतून आमच्याकडे बघत होती. काकूंच्या या प्रश्नाने तिचा चेहरा जसा पडला तसा तो कचेरीतही पडला नव्हता.

३

"संपलं," मी वाटेत म्हणालो. "तान तिथे गेला होता, जेवला होता. लू सापडायचा नाही. कागद खरा ठरणार."

कचेरीत आल्यावर मिआओंनी बरणी उघडली, मी खिडकी उघडली. ते मूळ कागद आणि माझी नक्कल शेजारी शेजारी ठेवून पेजेच्या वाडग्यावर वाकले. बऱ्याच वेळाने त्यांनी चॉपस्टिक माझ्या नकलेवर आपटली.

"अहो रुआन, हा शोकपत्रांचा कागद आहे ना? हा का घेतलात?"

"साधा पुरेना. वरचा समास आखूड पडला."

"साध्या कागदाला वर किती अक्षरांची जागा असते?"

"दोन," मी म्हणालो.

मी मूळ कागद ओढला. 'विद्यमान सम्राट' हे शब्द समासात चढवलेले होते. एक, दोन, तीन अक्षरं वर.

तीन अक्षरं वर जातात ते होऊन गेलेले सम्राट. कागदावर तारीख होती बाराव्या महिन्याची दहा. त्या दिवशी सम्राट राजधानीत सिंहासनावर धडधाकट बसले होते. त्यांना तीन अक्षरं वर चढवायचं कुणाच्या स्वप्नातही आलं नसतं. हा कागद पर्वत कोसळल्याची बातमी आल्यानंतर लिहिला गेला होता. आणि तेव्हा तानला जाऊन महिना उलटला होता. मेलेल्या माणसाने फुली मारली नव्हती.

"खोटा आहे!" मी ओरडलो.

"ओरडू नका, टोफू सांडेल. खोटा आहे हे तुम्हाला कळलं, मला कळलं. पण फेंग म्हणतील, फिरता लेखनिक अडाणी होता, चुकून जास्त वर चढवलं. हाकीम लगेच मान डोलावतील. त्यांना फेंगांशी वाकडं नकोच आहे. मला लिहिणारा हात हवा."

मी मात्र दुसऱ्याच गोष्टीने खजील झालो होतो. गेले तीन आठवडे मी रोज शोकपत्रं लिहीत होतो, रोज तीन अक्षरं वर. हा कागद समोर आला तेव्हा हाताला ते इतकं सवयीचं झालं होतं की डोळ्यांनी विचारलंच नाही. बावीस वर्षांचा नकलनवीस, आणि बैलासारखा मळलेल्या वाटेने चालत गेलो.

"लिहिणाऱ्याचंही तसंच झालं असेल," मी म्हणालो. "सवयीने."

"असेल," मिआओ म्हणाले. "बघू या."

४

गावात सम्राटांचे शब्द चढवून लिहिता येईल अशी तीनच माणसं होती, मला सोडून. शाळेचे पेंग मास्तर, फेंगांचे दिवाणजी आणि आमचे गे गुरुजी. दुसऱ्या दिवशी मिआओंनी तिघांना एकेक करून बोलावलं आणि एकच काम सांगितलं: फेंगांच्या कमानीची स्तुती करणाऱ्या दोन ओळी लिहा, स्वतःच्या शब्दांत. कशासाठी, कधीची, काही सांगितलं नाही.

पेंग मास्तर आधी आले. अंगाने काडी, जिभेने कातर. "लोकांची कमान आणि मला स्तुती? माझ्या शाळेचं छप्पर गळतंय त्याची दोन ओळींत निंदा लिहू का?" कुरकुरत त्यांनी लिहिलं. 'दिवंगत सम्राटांच्या कृपेने.' तीन अक्षरं वर.

दिवाणजींनी घाम पुसत पुसत लिहिलं. 'सम्राटांच्या कृपेने.' एक अक्षर वर. हसू की रडू ते मला कळेना. इतकी वर्षं कमानीखालून जाऊन या माणसाला दरबार आणि सम्राट यांतला फरक कळला नव्हता. तेव्हा एक मात्र समजलं की तो कागद त्यांनी लिहिला नव्हता आणि वाचूनही त्यातलं काही त्यांच्या ध्यानात आलं नव्हतं.

हाकिमांना चोरून सगळं ऐकायची सवय होती. ते पडद्यामागून बाहेरच आले. "तीन अक्षरं! मास्तरच! धरा त्यांना."

"हुजूर," मिआओ म्हणाले, "अजून एक जण राहिलाय."

गे गुरुजी आले. बसले. शाई घोटली, ब्रश ओला केला, टोक जुळवलं. मग ब्रश हवेतच ठेवून मान वर केली.

"तारीख कुठली घालायची?"

"का बरं?" मिआओंनी विचारलं.

"गेल्या वर्षीची असेल तर दोन अक्षरं वर, 'विद्यमान' म्हणून. या वर्षीची असेल तर तीन, 'दिवंगत' म्हणून. तारखेशिवाय लिहिणार कसं?"

"गेल्या वर्षीची घाला."

गुरुजींनी लिहिलं. 'विद्यमान सम्राटांच्या कृपेने.' दोन अक्षरं वर, रेषेत रेष. मी सुटकेचा निःश्वास सोडला. गुरुजी निर्दोष होते. ते गेल्यावर मी तसं बोलूनही दाखवलं.

मिआओ खिडकीशी उभे होते. त्यांचा आवाज नेहमीसारखा चेष्टेचा नव्हता. "तिन्ही कागद नीट बघा रुआन. मास्तरांच्या हाताला सवय लागलीय, खरं आहे. पण सवयीने लिहिणारा शब्दही सवयीचाच लिहितो. त्यांनी 'दिवंगत' लिहिलं आणि तीन अक्षरं वर नेलं. शब्द आणि उंची जुळते. त्या खोट्या कागदात काय आहे?"

"'विद्यमान', आणि तीन वर."

"म्हणजे लिहिणाऱ्याला जुनी तारीख पक्की आठवत होती. त्याने जपून जिवंत सम्राटांचा शब्द निवडला. आणि त्याच दमात तो मेलेल्यांच्या उंचीवर नेऊन ठेवला. एवढा सावध माणूस एका शब्दात असा गाफील होत नाही. ही चूक नाही. ही खूण आहे, मुद्दाम ठेवलेली. आणि अशी खूण ठेवायला आधी तारीख विचारून मग ब्रश टेकवणारा माणूस लागतो."

मी खाली बसलो. छडीचा तो जुना चट्टा तळहातावर आहे की नाही ते मी उगाच पाहिलं.

५

गुरुजींच्या अंगणात ऊन होतं. ते मुळ्याच्या चकत्या वाळत घालत होते. आम्हाला पाहून त्यांनी सूप खाली ठेवलं आणि मिआओंना बसायला एकुलता एक पाट दिला. मी उभाच राहिलो.

"उशीर केलात," ते म्हणाले.

"कबूल करताय?" मिआओंनी विचारलं.

"कबूल काय करायचं? मी लिहिलं. माझ्या बायकोची कबर नदीपलीकडे फेंगांच्या टेकडीवर आहे. तीस वर्षांपूर्वी त्यांच्या वडिलांनी जागा दिली, तोंडी. दिवाणजी आले आणि म्हणाले, हा एवढा कागद लिहून द्या, नाहीतर साहेबांना त्या जागी चहाची झुडपं लावायची आहेत." गुरुजींनी एक चकती उलटी केली. "मी दोन दिवस विचार केला. नाही म्हटलं असतं तर त्यांनी दुसऱ्या कुणाकडून लिहून घेतलं असतं. तो निर्दोष लिहिला गेला असता. म्हटलं, आपणच लिहावं आणि त्यात अशी गोष्ट ठेवावी की ज्याला आमची विद्या येते त्याला लगेच दिसेल, आणि ज्याला येत नाही त्याला मुळीच दिसणार नाही."

"आणि कुणालाच दिसली नसती तर?"

गुरुजींनी पहिल्यांदाच माझ्याकडे पाहिलं. "कागद कचेरीत गेला की नकलेला रुआनकडे जाणार हे मला माहीत होतं. चाळीस जणांना शिकवलं मी. त्यात हा बरा निघाला होता. तू नक्कल केलीस ना रे? तीन अक्षरं वर, अगदी सुबक. मी तुझ्या मागून गेलो तेव्हा पाहिली. त्या रात्री मला झोप नाही लेका. त्या पोरीचं मरण मी माझ्या हाताने लिहिलं आणि तू त्याची नक्कल काढलीस."

मला फार लाज वाटली. अजून वाटते. मी एवढंच म्हणालो, "गुरुजी, चुकलो."

"चुकलास खरा," ते म्हणाले, आणि सूप उचललं.

६

लग्नबंदी उठायच्या आदल्या दिवशी सुनावणी झाली. अंगणात गर्दी मावेना. फेंग साहेब आणि दिवाणजी एका बाजूला, तानकाकू आणि सूयुन गुडघे टेकून दुसऱ्या बाजूला.

मिआओंनी कागद वर धरला. "फेंग साहेब, हा कागद खरा?"

"खरा."

"बाराव्या महिन्याच्या दहा तारखेचा? तुमच्या समोर लिहिलेला, तुमच्या समोर वाचलेला?"

"हो."

"मग या शब्दांची उंची मोजा. सम्राट हयात असताना, विद्यमान असं म्हणून, तुम्ही त्यांना मेलेल्यांच्या जागी बसवलंत. पहिल्या महिन्यात पर्वत कोसळला. तुम्ही बाराव्या महिन्यातच त्याची वाट बघत होतात का? हे घोर अनादराचं कलम आहे. हे आमच्या हाकिमांच्या हातात राहत नाही, प्रांताच्या ठाण्याला जातं. तिथे फक्त लिहिणाऱ्याला विचारत नाहीत. वाचून सही करणाऱ्याला, त्याच्या भावांना, मुलांना विचारतात."

हाकिमांनी आपली टोपी उगाच सरळ केली.

"लिहिणारा अडाणी..." दिवाणजी पुटपुटले.

"असेल. ते प्रांतात सांगा. किंवा दुसरी वाट आहे. म्हणा की कागद खोटा आहे, बातमी आल्यानंतर केलेला. मग हा फक्त खोट्या कागदाचा गुन्हा, फटक्यांवर भागतो. दोन्हींतलं एक निवडा साहेब. खरा म्हणाल तर मुलगी मिळेल, पण सून घरात येईल तेव्हा घर असेल की नाही सांगता येत नाही."

फेंग साहेबांनी बोटाने ती तीन अक्षरं मोजली. "खोटा आहे," ते म्हणाले. "तान जेवून, केक घेऊन गेला. मी विचारलं तेव्हा तो म्हणाला होता, मुलीला विचारल्याशिवाय नाही."

सूयुनने तोंड दोन्ही हातांनी झाकलं. ती रडत होती, पण ते रडणं पालखीच्या भीतीचं नव्हतं.

"लिहिला कुणी?" हाकीम गरजले. आता त्यांना धीर आला होता.

दिवाणजींनी क्षणभर गुरुजींकडे पाहिलं. गुरुजींचं नाव घेतलं की कबरीच्या धमकीची गोष्ट निघणार, आणि कबर उकरायची धमकी हा आणखी मोठा गुन्हा. दिवाणजींचं बोट फिरलं. "पेंग मास्तरांनी. त्या दिवशीच्या त्यांच्या कागदावरही तीनच अक्षरं आहेत, दफ्तर बघा!"

"अरे सोंगाड्या!" मास्तर ओरडले. "मी तुला गळक्या छपरासाठी खिळेसुद्धा उधार मागितले नाहीत कधी!" शिपाई त्यांच्याकडे सरकले.

मिआओंनी मला आधीच सांगून ठेवलं होतं की गुरुजींचं नाव निघू नये असं बघू. मी ओठ आवळून उभा होतो. पण मुख्य नकलनवीसाच्या बैठकीवरून गे गुरुजी उठले, चालत अंगणाच्या मध्यभागी आले आणि मास्तरांच्या शेजारी गुडघे टेकले.

"मास्तरांना सोडा," ते म्हणाले. "यांना एवढं सुबक जमत नाही. मी लिहिला."

"माझा अपमान करू नका," पेंग मास्तर म्हणाले, आणि त्यांचा आवाज फाटला.

सत्तरी ओलांडलेल्याला फटके मारत नाहीत, असा कायदा आहे. गुरुजींचं नाव कचेरीच्या पटावरून खोडलं. ते खोडायचं काम माझ्याकडे आलं. साहेबांच्या वतीने सगळं आपणच केलं, असं दिवाणजींनी सांगितलं आणि साहेबांचे फटकेही त्यांनीच खाल्ले. असंच होतं. मिआओ म्हणाले, न्याय म्हणजे तोंडात बसेल एवढाच घास. मला ते पटलं नाही आणि मी तसं म्हणालोही.

पालखी आली नाही. अकराव्या दिवशी फेंगांचा मुलगा गेला.

फेंगांची कबरस्थानाची टेकडी नदीपलीकडे आहे आणि नदीवर होडी एकच. शवपेटी घाटावर आली तेव्हा मी तिथे होतो, गुरुजीही होते, बायकोच्या कबरीवर जायला निघालेले. बरोबरची माणसं कुजबुजली, हिच्या होडीतून कसं न्यायचं. सूयुनने काही विचारलं नाही. ती खाली उतरली, शवपेटी नीट बसावी म्हणून फळ्या सरकवल्या आणि स्वतः एका बाजूने हात लावला.

होडी मध्यावर आली तेव्हा फेंग साहेब बोलले. त्यांनी कुणाकडे पाहिलं नाही.

"गे गुरुजींनी टेकडीची काळजी करू नये. मी लेखी देईन." मग थोड्या वेळाने, "तो तुझ्याबद्दल विचारायचा. आजारी पडायच्या आधी या घाटावर यायचा ना. कागदाचं त्याला आम्ही सांगितलं नव्हतं."

सूयुनने वल्हं पाण्यात तसंच धरून ठेवलं. होडी प्रवाहाने थोडी तिरकी झाली.

"मला येऊन सांगायचं होतं साहेब," ती म्हणाली. "भेटायला मी माझ्या पायांनी आले असते."

फेंग साहेबांनी पेटीवर हात ठेवला आणि ते रडू लागले, अगदी मोठ्याने, घरात कुणी ऐकेल अशी भीती नसलेल्या माणसासारखे. सूयुनने होडी सरळ केली आणि पलीकडच्या काठाला लावली.